चेरीचं कुंपण आणि आईच्या कुरडया

घरामागचं कुंपण मी कुणाला काही दिसू नये म्हणून लावलं. ते बघायला आमचं अर्धं अ‍ॅशबर्न गाव येऊन गेलं.

सुरुवात झाली आईच्या परकरापासून. सहा वर्षांपूर्वी आई संगमनेरहून पहिल्यांदा आमच्याकडे आली आणि दुसऱ्याच दिवशी तिने धुतलेला परकर डेकच्या, म्हणजे मागच्या लाकडी ओट्याच्या, कठड्यावर वाळत घातला. ऊन होतं, वारा होता, कठडा होता. परकर वाळायला आणखी काय लागतं? अमेरिकेत परवानगी लागते! आमच्या कॉलनीत एचओए नावाची एक कमिटी आहे. गवत किती वाढावं, दाराचा रंग कोणता असावा, कचऱ्याचा डबा कधी बाहेर दिसावा, हे सगळं ती ठरवते. उघड्यावर काहीही वाळत घालायचं नाही, हा तिचा नियम. आणि या कमिटीच्या अध्यक्ष पॅट्रिशियाबाई राहतात आमच्या बरोब्बर पाठीमागच्या घरात! त्यांचं अंगण संपतं तिथे आमचं सुरू होतं. संध्याकाळच्या आत परकराचा फोटो ईमेलने माझ्याकडे हजर झाला. (फोटो सुंदर होता. मागे सूर्यास्त वगैरे.)

"माझ्या परकराचा फोटो?" आईने पदर सावरला. "बाई आहे की कोण आहे ही?"

आई परत गेल्यावर बायकोने, म्हणजे मधुराने, विषय हातात घेतला. "अहो, मागे काहीतरी आडोसा करा. पुढच्या वेळी आई पापड-कुरडया घातल्याशिवाय राहायच्या नाहीत. तेव्हा काय करणार आहात?"

लाकडी कुंपणाला कमिटीची परवानगी लागते, म्हणजे पॅट्रिशियाबाईंची. झाडांना लागत नाही. इथले शहाणे लोक अशा वेळी बारमाही हिरवी राहणारी झाडं लावून मोकळे होतात. मी शहाण्यांच्या वाटेने सहसा जात नाही. मी इंटरनेटवर वाचलं, की वाइल्ड चेरी, म्हणजे रानचेरी, भराभर वाढते, वसंतात पांढऱ्या फुलांनी लगडते आणि ओळीत लावून नियमित छाटत राहिलं की तिचं दाट कुंपण होतं. मला त्यातलं 'भराभर' आणि 'पांढरी फुलं' एवढंच दिसलं. दर वसंतात भारतातून आलेल्या पाहुण्यांना चेरीचा बहर दाखवायला वॉशिंग्टनला न्यायचं आणि पार्किंग शोधता शोधता बहर संपवायचा, हा आमचा वार्षिक कार्यक्रम. आता बहर घरीच! पाहुण्यांना चहा द्यायचा आणि मागचं दार उघडायचं.

ऐन फेब्रुवारीत ओल्या कागदात गुंडाळलेली काटक्यांची मोळी घरी आली.

"हे काय? सरपण?" मधुरा म्हणाली.

"चेरी आहे."

"मेलीये ती."

"झोपलीये. थंडीत अशीच लावतात."

हातहातभर अंतर ठेवून मी काटक्या रोवल्या. सोबतच्या सूचनेत लिहिलं होतं की लावल्याबरोबर रोप अर्ध्यावर कापा, म्हणजे बुडापासून फुटवे येतात. मी कात्री उचलली आणि कौतुकाने संगमनेरला व्हिडिओ कॉल लावला. ती माझ्या आयुष्यातली एक मोठी चूक.

"अरे अरे अरे! सुध्या, काय करतोस?"

"अर्धं कापायचं असतं आई. मग ते दाट होतं."

"लावल्या दिवशी कापतोस? बारशालाच पोराचे पाय तोडशील का रे?"

मी इथे एका डेटा सेंटरमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहे. मी एक बटण दाबलं तर निम्म्या जगाचे ईमेल बंद पडतील. (निदान संगमनेरला मी तसं सांगितलंय.) पण आईने 'सुध्या' म्हटलं की माझा हुद्दा तिसरीच्या वर जात नाही. कात्री खाली ठेवली.

"आणि ताक घाल. चांगलं आंबट. आपला कढीपत्ता बघ ताकावर कसा माजलाय!"

त्या दिवसापासून आमच्या घरातलं विरजण चेरीच्या मुळाशी जाऊ लागलं. पहिल्या नोव्हेंबरात झाडांची सगळी पानं गळाली. थंडीत हे झाड उघडंबोडकं होतं, हेही त्या इंटरनेटच्या पानावर होतंच, मीच वाचलं नव्हतं. आडोसा असा झाला की आमच्या सिंकपाशी उभं राहिलं की थेट पॅट्रिशियाबाईंच्या सिंकपाशी उभ्या पॅट्रिशियाबाई! त्यांनी हात हलवला. मीही साबणाचा हात हलवला. एप्रिलमध्ये पुन्हा पालवी फुटली तेव्हा श्रेय ताकाला गेलं.

मग मात्र झाडं इरेला पेटलीच. वर वाढली, आडवी वाढली, मुळांतून कोंब काढून लॉनमध्ये वाढली. एक कोंब तर जमिनीखालून सरहद्द ओलांडून पॅट्रिशियाबाईंच्या गुलाबात जाऊन उभा राहिला. मी छाटणीचं इलेक्ट्रिक यंत्र घेऊन आलो. पण दर वेळी यंत्र हातात घेतलं की आईचा फोन यायचा. तिला कसं कळायचं, देव जाणे. पाचव्या वसंतात सगळी ओळ पांढरीशुभ्र झाली आणि आईने शेवटचा हुकूम सोडला, "आता तर हात लावशील तर बघ! फुलावर आलेलं झाड म्हणजे गर्भारशीच."

वेळच्या वेळी कापलेल्या कुंपणाला फळ जेमतेम धरतं. न कापलेल्याला मात्र मोप धरतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण अ‍ॅशबर्नच्या तमाम पक्ष्यांना माहीत होतं.

त्याच वर्षी आमच्या सायलीचं लग्न ठरलं. सायली आमची एकुलती एक, इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली. नवरामुलगा केव्हिन ओहायोचा. पोरगा गुणी आहे, पुरणपोळीबरोबर तूप मागून घेतो. आई लग्नाच्या महिनाभर आधी येऊन दाखल झाली ती पितळी सोऱ्या घेऊनच. सायली लहान असताना तिने एकदा कुरडई तळताना फुललेली पाहून टाळ्या वाजवल्या होत्या आणि आजीने तेव्हाच शब्द दिला होता, की तुझ्या रुखवतात कुरडयांचा डोंगर रचीन. रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी हाताने केलेल्या जिनसांची लग्नात मांडलेली आरास. आईच्या दृष्टीने लग्नात तेच मुख्य, बाकी विधी वगैरे भटजी बघून घेतील.

"अगं, विकत मिळतात कुरडया इथे," मी म्हणालो.

"विकतचं रुखवत?" आईचा चेहरा पडला. "त्या ओहायोवाल्यांना कळू दे की मुलगी कुठल्या घरची आहे. माझे हात चालतायत तोवर एवढं तरी करू दे मला."

मी गहू आणायला गाडीची किल्ली उचलली. आईचे हात हल्ली थरथरतात, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

बेसमेंटमध्ये गहू भिजत पडले. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा वास ज्याला माहीत आहे त्याला तो घरचा वाटतो. ज्याला माहीत नाही तो गॅस कंपनीला फोन करतो. (आमच्याकडे फर्निचर पोचवायला आलेल्या माणसाने केला.) गहू वाटले, चीक काढला, शिजवला आणि जूनच्या एका लख्ख सकाळी कुंपणाच्या आडोशाला टेबलं मांडून आईने पहिला घाणा घातला. पांढऱ्याशुभ्र, जाळीदार, एकसारख्या गोल! मला अभिमानाने भरून आलं. इतक्या वर्षांनी माझं कुंपण कामाला आलं होतं. पॅट्रिशियाबाईंना काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

तेव्हाच चेरी पिकली होती.

आधी लाल छातीचे रॉबिन आले. मग ग्रॅकल नावाचे काळेभोर, चकचकीत, कर्कश पक्षी आपापली कुटुंबं घेऊन आले. त्यांनी चेरीवर ताव मारला आणि मारता मारता खाली मोकळे होत गेले. पिकल्या रानचेरीचा रंग गडद जांभळा. पक्ष्याच्या पोटातून आल्यावरही तो फिका पडत नाही. दुपारी आई चहा घेऊन बाहेर गेली आणि तिची किंकाळी ऐकून मी ऑफिसची मीटिंग अर्धवट सोडून धावलो.

"गेल्या! सगळ्या विटाळल्या रे!"

कुरडयांवर जांभळी नक्षी उमटली होती. आईने एकेक उचलून कचऱ्यात टाकली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे झाड वेळेवर छाटता येत नाही का तुला?"

मी मान खाली घालून टेबलं पुसायला लागलो. लग्न झालेल्या माणसाला ही कला येते आणि आईसमोर उपयोगी पडते.

गहू पुन्हा भिजले. आता चुकायला वाव नव्हता, लग्न पुढच्याच रविवारी होतं. पक्षी अडवायची जाळी दुकानात संपलेली. ऑनलाइन मागवली तर लग्नानंतर येणार. तेव्हा मधुराने वरच्या कपाटातली बॅग काढली. अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घरात अशी एक बॅग असते. तिच्यात देण्याघेण्याच्या साड्या असतात. त्या कुणी नेसत नाही. ही तिला देते, ती हिला देते आणि दहा वर्षांनी आपलीच साडी आपल्याला हळदीकुंकवात परत मिळते! मी शिडीवर चढलो आणि झाडांना साड्या नेसवल्या. शेंदरी, पोपटी, मोरपंखी, चकाकत्या जरीच्या. त्या साड्या जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी नेसल्या होत्या. पक्षी बिचकून पॅट्रिशियाबाईंच्या छपरावर जाऊन बसले. दोन दिवस ऊन लागलं, कुरडया कडकडीत वाळल्या. आई टेबलाशी हातात वेताची काठी घेऊन बसून असायची. डोंगर तयार होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी मी आणि मधुरा हॉलवर डेकोरेशनचं बघायला गेलो. परत आलो तर आमच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या!

"अहो, कुणाकडे काय झालं?" मधुराने घाबरून विचारलं.

आमच्याकडेच झालं होतं. छपरावरून फडफडणारे जरीचे पदर पार मुख्य रस्त्यावरून दिसत होते. इथे शनिवारी सकाळी अंगणात रंगीत कापडं आणि मांडलेली टेबलं दिसली, की लोक समजतात यार्ड सेल आहे. म्हणजे घरातलं जुनंपानं विकायला काढलंय. गाडी थांबवतात आणि आत शिरतात. अंगणात ही गर्दी! आणि मधोमध नऊवारीतली माझी आई, दोन्ही हातांनी वाटप करत होती.

"टेक, टेक! यू टेक!"

"आई! काय चाललंय?"

"अरे, केवढी माणुसकी आहे या लोकांत! लग्नघर म्हटल्यावर आपणहून आले बघ. मी सगळ्यांना एकेक कुरडई दिली, उरलेल्या पत्रिका दिल्या आणि अक्षता दिल्या."

"अक्षता?" मी ओरडलो. अक्षता दिल्या म्हणजे लग्नाचं रीतसर आमंत्रण झालं! "आई, ही माणसं कोण आहेत, मला तरी माहीत आहे का?"

"दारी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं?"

तेवढ्यात एक धिप्पाड गृहस्थ माझी बार्बेक्यूची शेगडी ढकलत बाहेर निघाले. "थँक्स, मॅन! युअर मॉम इज सो जेनरस!"

"ती कशाला दिलीस?"

"त्याने बोट दाखवलं. मी म्हटलं टेक."

"आणि माझं छाटणीचं यंत्र कुठंय?"

"ते तर मी पहिल्यांदा दिलं," आई समाधानाने म्हणाली.

आता कळस व्हायचा राहिला होता. माझ्या पाठीमागून आवाज आला, "सुधीर, व्हॉट इज ऑल धिस?" पॅट्रिशियाबाई! हातात फोन, कॅमेरा चालू. मी नियम आठवू लागलो. उघड्यावर वाळत घालणं, गर्दी, पार्किंग, आणि झाडाला साडी नेसवण्याबद्दल नियम नसला तर उद्या होणार. एवढ्यात आई पुढे झाली. परकर प्रकरणातली हीच ती बाई, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने पॅट्रिशियाबाईंच्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर अक्षता ठेवल्या आणि सगळ्यात मोठी कुरडई ओंजळीत दिली.

"कम मॅरेज," आई म्हणाली. "मस्ट!"

पॅट्रिशियाबाई कुरडईकडे बघत राहिल्या. ती उजेडात धरून त्यांनी जाळी पाहिली. "डिड शी मेक धिस? बाय हँड?" फोन खाली गेला. आवाजही.

सायली आली तेव्हा गर्दी पांगली होती. सगळं ऐकून ती गवतावर बसून हसायला लागली. "बाबा, रिलॅक्स. वी हॅव एक्स्ट्रा प्लेट्स. अँड आजी इज अ लेजंड!"

आजी मात्र हसत नव्हती. ती रिकाम्या टेबलापाशी उभी होती. देताना तिला भान राहिलं नव्हतं, आता आलं होतं. डब्यात पाच-सहा कुरडया उरल्या होत्या. पुन्हा गहू भिजवायला वेळ नव्हता आणि तिच्या हातांत ताकदही नव्हती.

"एवढ्याचा कसला डोंगर रे," ती म्हणाली. "पोरीला शब्द दिला होता मी."

मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, विकतच्या आणतो, कुणाला कळणार आहे? ती म्हणाली, "मला कळेल," आणि आत गेली.

लग्नाच्या दिवशी रुखवताचं टेबल मांडलं. लाडू होते, करंज्या होत्या, सप्तपदीच्या सुपाऱ्या नटवल्या होत्या आणि मधोमध मोठ्या चांदीच्या ताटात त्या पाच-सहा कुरडया. आईने ताट तीनदा सरकवून पाहिलं. ते कुठूनही रिकामंच दिसत होतं.

मग दार उघडलं आणि अ‍ॅशबर्न आत आलं. सगळ्यात पुढे पॅट्रिशियाबाई. डोक्यावर हॅट आणि हॅटवर, रिबिनीने बांधलेली कुरडई! मागून शेगडीवाले गृहस्थ, कोटाच्या खिशाला कुरडई. एका बाईंनी गळ्यात घातली होती. एकाने निळा रंग देऊन वर चमकी लावली होती. (पुढे कळलं, त्याने एक तुकडा खाऊन पाहिला होता आणि त्याचा दात हलला होता. न तळता कुरडई खाणं म्हणजे सोपं काम नाही.) आमंत्रणाच्या तांदळाबरोबर हातात दिलेली ही नाजूक जाळी म्हणजे लग्नाला घालून यायची खूण, असं सगळ्यांनी आपसात ठरवलं होतं. एकानेही ती तळली नव्हती, फेकली नव्हती.

सायलीने एकेकाच्या कानात काहीतरी सांगितलं. माणसं रांगेने रुखवताच्या टेबलापाशी गेली आणि आपापली कुरडई त्या ताटात ठेवत गेली. लाल रिबीन, सोनेरी दोरा, निळी चमकी. डोंगर झाला! नुसता पांढरा झाला असता तो असा रंगीत झाला. केव्हिनच्या आईने ओहायोला दाखवायला त्याचे फोटो काढले आणि विचारलं, "हू मेड धिस?"

आईला प्रश्न कळला नाही, पण ती म्हणाली, "सुध्या, सांग त्यांना. सगळ्या गावाने केलंय." आणि भर मांडवात तिने पदराने डोळे पुसले. माझेही भरून आले होते. मी नाक शिंकरून वेळ मारून नेली.

शेगडीवाल्यांनी शेगडी ठेवून घेतली. छाटणीचं यंत्र मात्र कुणीतरी बो बांधून आहेरात परत केलं.

आई संगमनेरला गेली. ऑगस्ट आला. फळं संपली होती, ऊन होतं, चेरी छाटायचे हेच योग्य दिवस. या वेळी मी ते इंटरनेटचं पान शेवटपर्यंत वाचलं होतं! कमिटीकडून कुंपणाच्या उंचीबद्दल काही यायच्या आत आपणच कापू, असा विचार केला. पाच वर्षांत पहिल्यांदा फोन वाजला नाही. मी यंत्र सुरू केलं आणि डोक्याच्या उंचीवरून सरळ रेषेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुस्तकात दाखवतात तसं कुंपण कापलं. मग जोर आला म्हणून मधला फोफावलेला भागही कमरेपर्यंत खाली आणला. फांद्या धाडकन पलीकडे पडल्या.

पलीकडे पॅट्रिशियाबाई होत्या. गवतावर प्लॅस्टिक अंथरलेलं, त्यावर ओळीने वाकड्यातिकड्या कुरडया, हातात आईने जाताना दिलेला तो पितळी सोऱ्या. समोर कुंडीला टेकवलेला फोन, आणि फोनमधून माझ्याच आईचा आवाज येत होता, "नो, नो! थिन! पातळ, पातळ!" फोन का वाजला नव्हता ते मला कळलं. लाइन बिझी होती.

पॅट्रिशियाबाईंनी दोन्ही हातांनी कुरडया झाकल्या. "सुधीर! प्लीज! कमिटी विल सी!"

"सुध्या!" फोन ओरडला. "कापलंस ना रे शेवटी? त्या बिचारीचा आडोसा काढलास!"

मी यंत्र बंद केलं, घरात जाऊन वरच्या कपाटातली बॅग काढली आणि पॅट्रिशियाबाईंच्या बाजूने पोपटी साडी बांधून दिली. हल्ली रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी त्या कुंपणाला वाटीभर ताक घालतो, आंबट, आणि कुणी पाहत नाही ना हे आधी बघून घेतो.